वीस दिवसांची घाई

आमच्या ऑफिसात एक जण आहे, नाव सांगत नाही कारण तो हे वाचेल. दिवाळी झाली की दरवर्षी माझ्या टेबलाला टेकून उभा राहतो आणि विचारतो, "काय भाऊ, संत्री कधी आणून राहिला?" पहिल्या वर्षी मी त्याला नीट समजावून सांगितलं होतं की बाबा रे, आत्ता जुलैत कलमा लावल्या, चार-पाच वर्षं नाव काढू नको. दुसऱ्या वर्षी हसलो. तिसऱ्या वर्षी चिडून संत्रा मार्केटातून दोन डझन विकत घेतली आणि आमच्याच बागेतली म्हणून त्याला दिली (हो, तीच ती, आता कळलं असेल तुला). त्यानं खाल्ली आणि म्हणाला, "घरच्या मालाची चवच वेगळी असते यार."

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मागच्या रविवारी बागेत झाडांच्या खोडांना बोर्डो (बुरशी लागू नये म्हणून लावतात ते मलम) लावत होतो. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू, सकाळी साडेसातलाच डोकं तापून राहिलं होतं, आणि तेव्हा जे काय डोक्यात आलं ते लिहून टाकावं म्हटलं. काटोलच्या अलीकडे आमची थोडी शेती आहे. बाबा तिकडेच राहतात, मी नागपुरात मानेवाड्याला, शनिवार-रविवार गाडी काढून फेटरीवरून जातो. धीर धरा, फळ मिळेल टाइपचं काही मला लिहायचं नाहीये. ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी सात वाजता येतेच.

२०१३ ची गोष्ट. तीन एकरात संत्रा लावायचा माझाच हट्ट होता. बाबांची इच्छा नव्हती. आजोबांची बाग होती पूर्वी, विहीर आटली तेव्हा तोडावी लागली, ते लाकूड पुढे दोन वर्षं चुलीत जळत होतं आणि बाबा म्हणतात त्या धुराला पण वास यायचा. त्यामुळे संत्रा म्हटलं की ते गप्प व्हायचे. पण मी बोअर केला, ड्रिपचं कोटेशन आणलं, एक्सेलमध्ये शीट बनवली. सहाव्या वर्षी एवढा माल, सातव्या वर्षी तेवढा, आठव्या वर्षी कर्ज फिटलं. ती शीट अजून आहे माझ्याकडे, कधीकधी उघडून बघतो, हसायला बरी आहे.

संत्र्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नागपुरी संत्र्याचं झाड खालून संत्र्याचं नसतेच. खाली जंभेरी असते, म्हणजे लिंबाची एक जात, खूप लोक अजूनही जंबेरीच म्हणतात. तिचं बी टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की सालीत चीर देऊन चांगल्या संत्र्याच्या झाडाचा डोळा तिथं बसवायचा, पट्टी बांधायची, डोळा फुटला की वरची जंभेरी कापून टाकायची. म्हणजे मुळं एकाची आणि फळं दुसऱ्याची. शेंदुरजना घाटला गेलं की नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात, पिढ्यान्‌पिढ्या लोक हेच काम करतात तिथं, आणि डोळा भरणाऱ्या माणसाचा हात बघत राहावा असा चालतो. कलम आपल्या हातात येते तोपर्यंत दीड-दोन वर्षं तर तिथंच गेलेली असतात. लावल्यावर आणखी चार-पाच वर्षं पहिली फळं दिसायला, आणि हिशोबात धरण्यासारखा माल यायला सहा-सात. आपल्याला वाटते आपण आज सुरू केलं, पण कोणीतरी आपल्या दोन वर्षं आधीच सुरू करून ठेवलेलं असते.

तर खड्डे. खड्डे उन्हाळ्यात घ्यायचे असतात, एप्रिल-मे मध्ये, उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत-माती भरून ठेवायची आणि एक-दोन चांगले पाऊस पडले की ती माती बसते, दबते, मग कलम लावायची. आमचे खड्डे झाले जूनच्या शेवटी, कारण जेसीबीवाला आज येतो उद्या येतो करत राहिला आणि मला मार्चएंडनंतर सुट्टीच मिळाली नाही. खड्डे भरले आणि लगेच कलमांचा टेम्पो येऊन उभा राहिला. बाबा म्हणाले, "पोत्यावर पानी मारून सावलीत ठेव. वीस दिवस थांब. माती बसू दे." मी म्हटलं, बाबा, मला परत सुट्टी मिळणार नाही, पुढचा महिना ऑडिट आहे, कलमा सुकून जातील, आणि आधीच उशीर झाला आहे. ते म्हणाले, "सात वर्साचं काम हाये अन्‌ तुले वीस दिवस जास्त होऊन राहिले काय?" मला त्यावेळी ते टिपिकल म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवसात सगळ्या ३२० कलमा लावून मोकळा झालो. फोटो काढले, फेसबुकवर टाकले, शंभराच्या वर लाइक.

मग पाऊस आला आणि खड्ड्यातली माती बसली. कलमा सोबत खाली गेल्या, कुठं चार बोटं, कुठं वीतभर. प्रत्येक झाडाभोवती एक बशी तयार झाली आणि त्यात पाणी साचायला लागलं. पुढच्या शनिवारी मी गेलो, ते पाहिलं, आणि मोठ्या प्रेमानं फावड्यानं माती ओढून प्रत्येक कलमेच्या बुडाशी चढवली. नीट गोल, दाबून, शाबासकी दिल्यासारखी. ३२० झाडांना. दोन दिवस लागले. पाठ मोडली होती पण इतकं समाधान मला पगार वाढल्यावर पण झालं नव्हतं.

मी काय केलं हे मला पाच वर्षांनी कळलं.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे होती छानच पण सांगायला काही नाही. झाडं वाढली. मधल्या पट्ट्यात सोयाबीन घेतलं, नंतर हरभरा, त्यात डिझेल आणि मजुरी निघायची. दर शनिवारी जायचं, गवत, पाणी, खत, कोळशी आली, म्हणजे पानं काळी पडली, तर फवारणी. २०१६ मध्ये काही झाडांना फुलं आली, तीन वर्षांच्या झाडाला, मी इतका खूश की व्हिडिओ कॉल करून सगळ्यांना दाखवलं. आणि बाबा झाडाझाडापाशी जाऊन ती फुलं आणि आवळ्याच्या बीएवढी फळं खुडून टाकत होते. मी अक्षरशः ओरडलो. तर ते म्हणाले, "लेकराले पोतं उचलायले लावतं काय कोनी?" झाड लहान आहे, आत्ता फळ धरलं तर वाढ तिथंच थांबते, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पुस्तकातून माहीत असणं आणि तीन वर्षं वाट पाहून आलेलं फळ स्वतःच्या हातानं तोडून मातीत टाकणं, यात लय फरक आहे. मी त्या दिवशी एकही खुडलं नाही. सगळं बाबांनीच केलं, मी ड्रिपच्या नळ्या साफ करण्याचं नाटक करत बसलो.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर वरच्या कोपऱ्यातली झाडं पिवळी पडायला लागली. पहिले वाटलं खत कमी पडलं असेल. झिंक मारलं, फेरस मारलं, पानं काही हिरवी होईनात. शेंडे वाळायला लागले. एका ओळखीच्या कृषी पदवीधर पोराला नेलं दाखवायला. त्यानं वर पाहिलंच नाही. सरळ खाली बसला, हातानं बुडाची माती उकरायला लागला, चार बोटं, सहा बोटं, वीतभर, आणि मग म्हणाला, "सर, तुमचा डोळा कुठाय?"

डोळा मातीत होता. जिथं जंभेरीला संत्र्याचा डोळा भरतात ती जागा जमिनीच्या चांगली वीतभर वर राहायला पाहिजे. आमची पाच वर्षं ओल्या मातीत गाडलेली होती. आमच्याकडची काळी भारी जमीन, पाणी धरून ठेवणारी, त्यात ती फायटोप्थोरा नावाची बुरशी, खोडाला ओल लागून राहिली की सालीत शिरते. साल कुजते, त्यातून डिंक गळतो, म्हणून आपल्याकडे डिंक्या म्हणतात. आणि गंमत म्हणजे (गंमत म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो) साल एका बाजूनं कुजत असते तेव्हा वरून झाड मस्त दिसते. हिरवंगार. दुसऱ्या बाजूच्या सालीतून अन्नाची ये-जा सुरू असते ना. कूज जशी गोल फिरत जाते तसं झाड गपचूप वाळत जाते, आणि आपल्याला पिवळं पान दिसते तोपर्यंत अर्ध्याच्या वर साल गेलेली असते. त्यानं खुरप्याच्या टोकानं साल जराशी खरवडली, आतून तपकिरी, ओली, आणि तो आंबूस वास. पोरगं माझ्याकडे बघून राहिलं होतं, मी त्या फावड्याचा विचार करून राहिलो होतो. त्या दोन दिवसांचा.

५८ झाडांना लागण निघाली. ३४ गेली.

बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. एक शब्द! मला वाटत होतं आता म्हणतील, वीस दिवस, वीस दिवस. नाही बोलले. संध्याकाळी फक्त विचारलं, "सगळ्यायच्या बुडाची माती काढावी लागन, हाव ना?" मी म्हटलं हाव.

तेव्हापासून हे डोक्यात बसलं आहे माझ्या. जे काम उशिरा फळ देते त्यात चूक पण उशिराच दिसते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. चहावाल्याचा चहा बिघडला तर दुसऱ्या मिनिटाला गिऱ्हाईक तोंड वाकडं करते, तो लगेच साखर टाकतो. मी चुकलो २०१३ ला आणि झाड बोललं २०१८ ला. मधली पाच वर्षं मी जे करत होतो त्याला मी धीर म्हणत होतो, लोकांना अभिमानानं सांगत होतो की बघा, मी किती धीरानं वाट पाहून राहिलो. खरं तर मी फक्त वाट पाहत होतो. खाली वाकून बघितलं असतं एकदा जरी, दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, तर चार बोटं माती बाजूला करायचं तर काम होतं.

इथं एक आठवलं म्हणून सांगतो. आपल्या विदर्भात उशिराची काही कमी नाही. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं, राजीव गांधी येऊन गेले होते, माझा एक मामा त्या कार्यक्रमाला गेला होता आणि आता त्याचा नातू इंजिनिअरिंगला आहे, प्रकल्पाचं काम चालूच. शेवटच्या शेतापर्यंत पाणी कधी जाईल विचारलं की लोक म्हणतात धीर धरा. आता याला पण धीरच म्हणायचं का? मला नाही वाटत. तिथं कोणाच्या हातात फावडं नाही आणि वाट बघणारा तिसराच.

आणि त्याच्या उलट दीक्षाभूमी. मी लहान असताना आजी दसऱ्याला घेऊन जायची, तिला गर्दी बघायला आवडायची आणि मला तिथली पुस्तकांची दुकानं. स्तूपाचं काम तेव्हा सुरू होतं. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बांधकाम १९७८ ला लागलं आणि उद्घाटन झालं २००१ च्या डिसेंबरात, म्हणजे माझं आख्खं शाळा-कॉलेज त्या घुमटासोबत झालं असं म्हटलं तरी चालेल. पण मला तिथं कधी काही अपुरं आहे असं वाटल्याचं आठवत नाही. लोक गावागावातून येत होते, डोक्यावर गाठोडं, हातात लेकरू, मैदानातच झोपत होते, सकाळी पुस्तकं घेऊन परत जात होते. घुमट होईल तेव्हा येऊ असं कोणी म्हटलं नाही. रोज ऑफिसला जाताना त्याच्या बाजूनं जातो मी आणि हे मला बाग बिघडल्यावरच सुचलं, त्याच्या आधी बारा वर्षं जात होतो तर काही सुचलं नव्हतं.

असो. मूळ प्रश्न असा होता की फळ तर दिसत नाही, मग बघायचं काय? नुसतं "लक्ष ठेवा" म्हणून होत नाही ना, कशावर लक्ष?

याचं उत्तर मला घरातच मिळालं. बायको महापालिकेच्या शाळेत शिकवते. त्या वर्षी तिच्या वर्गात चौथीतला एक मुलगा होता, त्याला वाचता येत नव्हतं, अक्षरं ओळखायचा पण शब्द जुळायचा नाही. ती रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं त्याला घेऊन बसायची. परीक्षेत त्याला काही मार्क पडत नव्हते, मुख्याध्यापक विचारायचे मॅडम काही फरक दिसून राहिला का, आणि दाखवायला काही नव्हतं. पण तिच्याकडे एक वही होती. ती मी एका रात्री चाळली. त्यात मार्क नव्हते. लिहिलं होतं, "आज स्वतःहून बोट ओळीखाली ठेवलं." मग दोन आठवडे काहीच नाही. मग "फणस ला कणस वाचलं, पण स्वतःच थांबला, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं." या नोंदीखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. मी विचारलं, चुकलाच ना तो, रेघा कशाला? तर म्हणाली, "अरे चुकला ते सोड, थांबला ना! आतापर्यंत चुकलं हे त्याला कळतच नव्हतं."

आता तो दहावीत आहे, फार हुशार बिशार काही नाही, पण वाचतो.

दुसऱ्या दिवशी मी पण वही घेतली. त्या कृषीवाल्या पोराला फोन करून विचारलं की फळ येईपर्यंत काय काय बघता येते सांग. त्यानं सांगितलं नवती बघा. नवती म्हणजे नवीन फूट, वर्षातून दोन-तीनदा येते, ती किती लांब आली, पान केवढं, रंग कसा. खोड वीतभर उघडं आहे का बघा, डिंकाचा थेंब दिसतो का. आणि आळ्याच्या कडेला बोटभर माती उकरून बघा, पांढरी बारीक तंतुमुळं दिसली तर झाड आनंदात आहे, तपकिरी दिसली आणि चिमटीत धरल्यावर वरचं साल निघून आलं तर गडबड आहे. बस एवढंच. तीन गोष्टी. दर महिन्याला ठरलेली वीस झाडं, त्यांना मी नंबर टाकले. सात नंबरचं झाड हे माझं आवडतं आहे, कारण ते पिवळं पडून परत आलं. पहिल्या वर्षी तिथं नोंद आहे, "मुळं तपकिरी. वास." चार महिन्यांनी "दोन पांढरी दिसली." त्या दिवशी मी घरी येताना मिठाई आणली होती, बायकोला वाटलं प्रमोशन झालं.

मेलेल्या झाडांच्या जागी नांग्या भरायच्या होत्या. २०१९ ला वीस आणि उरलेल्या चौदा २०२१ ला. यावेळी खड्डे एप्रिलमध्ये. मेच्या शेवटी भरले. जून गेला, जुलै आला, पाऊस पडून गेला, माती बसली, परत वर भर टाकली, परत बसली. मी रोज फोन करायचो, "बाबा लावायच्या का आता?" आणि ते म्हणायचे, "खड्डा पाहून सांगतो." ऑगस्टमध्ये म्हणाले ये आता.

२०१९ च्याच डिसेंबरात आम्ही पहिला ताण दिला, आंबिया बहारासाठी. ताण म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभरात काम होते, भारीत दीड-दोन महिने लागतात. थंडी आणि कोरडं, झाडाची वाढ थांबते, पानं दुपारी मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येते, जानेवारी-फेब्रुवारीत. बाकी सगळी वर्षं आपण पाणी देऊन देऊन ते झाड वाढवलेलं, आणि आता बोअर भरलेला असताना व्हॉल्व्ह बंद करून बसायचं. मला तर ते बघवत नव्हतं, एका शनिवारी मी हळूच दोन लाइनी चालू केल्या होत्या दहा मिनिटं. बाबांनी ओली माती पाहिली आणि मला नुसतं "शहरात जा तू" म्हणाले. बरं एवढं करून त्या वर्षी अवकाळी पाऊस आला आणि ताण तुटला, फूल मागे-पुढे आलं, कुठं गच्च कुठं काहीच नाही. मग मार्चमध्ये लॉकडाऊन. मी नागपुरात अडकलो, बाबा एकटे तिकडे, रोज व्हिडिओवर झाडं दाखवायचे आणि कॅमेरा बहुतेक वेळा स्वतःच्या कानाकडे असायचा.

पहिला माल २०२० च्या नोव्हेंबरात निघाला. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ झाली होती, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा, ते दृश्य ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. जे राहिलं त्यातली निम्मी चुरी, म्हणजे बारीक फळं. व्यापाऱ्यानं इसार दिला होता त्यापेक्षा तोडणीच्या वेळी भाव पाडला, वाद घातला पण माल झाडावर, आपण कुठं जाणार. एक्सेल शीटमध्ये सातव्या वर्षासमोर जो आकडा होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे आले. नंतरची वर्षं बरी गेली, एक वर्ष फारच चांगलं, मागचं वर्ष परत गळीचं. कर्ज अजून आहे थोडं. ऑफिसातल्या त्या माणसाला मात्र खरी संत्री दिली, पेटीभर. खाऊन म्हणाला, "त्या वेळची जास्त गोड होती बे."

तर मागच्या रविवारचं. बोर्डो मलम पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावतो आम्ही आता, न चुकता. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही रात्री वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजत घालायचं, सकाळी एकत्र करायचं. लोखंडाची बादली चालत नाही. झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस थर चढला म्हणजे चुना कमी आहे, अजून टाका. विळा जसाच्या तसा निघाला की लावायला घ्या. मुलीला हे भयंकर आवडते, सातवीत आहे ती, विळा बुडवायचं काम तिचंच असते आणि ती ते डॉक्टरसारखं तोंड करून करते. यावेळी पहिल्यांदा तांबूस आला, तिनं चुना टाकला, परत बुडवला, परत जरासा तांबूस. मी म्हटलं चालते एवढं, लाव, ऊन चढून राहिलं. ती म्हणाली, "नाही बाबा, अजून पाहू." आणि तिकडून आजोबा हसले, मला ऐकू येईल एवढंच.

दहापर्यंत शंभरेक खोडं निळी-पांढरी करून झाली. मग आम्ही तिघं वरच्या कोपऱ्यात २०२१ च्या नांग्या बघायला गेलो. चौदातल्या दोन-तीन झाडांवर फळं धरलेली, आवळ्याएवढी, हिरवीकच्च. तीन वर्षांचं झाड. बाबांनी काही न बोलता खुडायला सुरुवात केली. मग मी पण. यावेळी मीच जास्त खुडली असतील, अंगठ्यानं देठ दाबायचा, वळवायचं, खाली टाकायचं, सवय झाली की त्यात काही वाटत नाही. मुलगी बघत होती. विचारलं तिनं का म्हणून, मी सांगितलं, तिला पटलं नाही, पण ती पण एका झाडापाशी जाऊन खुडायला लागली, एक, दोन, तीन, हळू.

निघताना मी तिच्या झाडाजवळून गेलो तर आतल्या बाजूला, खोडाजवळ, दोन पानांच्या मागे एक फळ तसंच होतं. पानं मुद्दाम ओढून त्याच्यावर आणलेली, एका पानाला दुसऱ्याच्या खाली खोचलेलं. बाबा माझ्या मागेच होते. त्यांनी ते पाहिलं, मला पक्कं माहीत आहे त्यांनी पाहिलं, कारण ते थांबले. मग बादली उचलली आणि म्हणाले, "चाला, ऊन लागून राहिलं पोरीले."